फोटोतलं ऊन

“भाऊ, तुमच्या आईच्या घरी ऊन पडलंय?”

शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, तेव्हा भाऊचा चहा अर्धा प्यायचा होता. विचारणारी मुलगी कंपनीची सगळी ॲप तपासायची. तिच्या नजरेतून एकही चूक सुटत नसे, म्हणून सगळे तिला फौजदार म्हणत. “बघ, कशी बसलीय राणीसारखी,” असं म्हणत भाऊनंच कौतुकानं आईचा फोटो उघडून आपला फोन तिच्या हातात दिला होता.

“ऊन? काहीतरीच काय!”

“अहो, जेवणाच्या सुट्टीआधीपासून पाऊस कोसळतोय. आणि आईंच्या पायांवर बघा.”

भाऊनं फोन घेतला. खिडकीजवळची खुर्ची, खुर्चीत ताठ बसलेली आई, अंगावर नीट घेतलेली शाल. पावलांवर लख्ख पिवळं ऊन. त्यानं मान वर केली. ऑफिसच्या काचेवरून पाण्याचे लोट वाहत होते.

“गावाच्या त्या टोकाला पाऊस नसेल कदाचित,” फौजदार म्हणाली; पण तिचाही आवाज उतरला होता. काय झालंय ते दोघांनाही कळून चुकलं होतं.

करणी भाऊचीच होती; कंपनीच्या सर्व्हरचं काम त्याच्याकडे होतं. आईच्या खोलीतला कॅमेरा थोड्या थोड्या वेळानं फोटो काढून कंपनीच्या सर्व्हरवर टाकी, आणि फोननं मागितला की सर्व्हर तो पाठवून देई. अशी कॅमेरे लावलेली घरं गावात पुष्कळ होती. सुरुवातीला जरा कुठं इंटरनेट गेलं की फोनवर नुसती करडी चौकट यायची. घाबरलेल्या लोकांचे कंपनीत फोनवर फोन यायचे. तेव्हा भाऊनं तोड काढली. नवा फोटो आला नसेल तर शेवटचा आलेला पाठवून द्यायचा. पडद्यावर गर्दी नको म्हणून फोटोची वेळ दाखवायची नाही.

“भाऊ, हे खोटं बोलणं झालं,” फौजदार तेव्हाच म्हणाली होती.

“खोटं कसलं गं? धीर देणं झालं.”

साहेबांनी पाठ थोपटली. तक्रारी थांबल्या. लोक निर्धास्त झाले, आणि त्यांच्याबरोबर भाऊही.

आता त्यानं सर्व्हर उघडून पाहिलं. आईच्या घरून शेवटचा फोटो आला होता तो सकाळी, ऊन असताना. त्यानंतर काहीच नाही. दिवसभर तो ज्या आईकडे बघून हसत होता, ती सकाळचीच होती.

त्यानं फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसतीच घंटा.

“जा तुम्ही,” फौजदारनं त्याच्या हातात रेनकोट कोंबला. “साहेबांना मी सांगते. आणि गाडी जपून चालवा हो!”

रेनकोट त्यानं घातलाच नाही. सुखात देवापुढं उभा राहिलेला माणूस डोळे मिटून घेतो. भीतीत मात्र त्याला डोळे मिटायचंही धाडस होत नाही. पावसाच्या माऱ्यात डोळे ताणून भाऊ स्कूटर हाकत होता आणि तोंडानं एकच चाललं होतं, “देवा, नुसतं इंटरनेट गेलेलं असू दे. एवढंच असू दे रे बाबा.” सिग्नलला थांबला की खिशातून फोन निघे. आई ऊन खात बसलेली. भाऊला ते ऊन बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना.

जिना तो दोन-दोन पायऱ्या गाळत चढला. किल्ली कुलपात जाईना. दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती.

कोपऱ्यातल्या पलंगावर आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पायांवरचं पांघरूण सरकलं होतं. भाऊ जागच्या जागी उभा राहिला. चार पावलांवर पलंग. पण हात लावला आणि तिचं अंग गार लागलं तर? त्या भीतीनं त्याचं पाऊल उचलेना.

“चपला बाहेर काढ,” भिंतीकडून आवाज आला. “सगळी फरशी ओली करशील.”

भाऊ धावत पलंगापाशी जाऊन खाली बसला. पलंगाच्या कडेला डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

“अरे, असं काय करतोस? मेले नाही मी अजून.”

“फोन का नाही उचललास?”

“तिकडं खुर्चीपाशी राहिला. वाजत होता, कळत होतं. पण उठवेना रे.”

तेवढ्यात त्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे गेलं. दिवा विझलेला. वायर खाली लोंबत होती.

“वायर कुणी काढली?”

आईनं भिंतीकडचं तोंड त्याच्याकडे वळवलं. मग म्हणाली, “मीच. सकाळी काही केल्या बसवेना. म्हटलं, पडायचं तर तुझ्यासमोर कशाला?”

“म्हणजे? रोज काय करतेस तू?”

“बसते की. केस विंचरायचे, शाल घ्यायची आणि बसायचं. तुझा ऑफिसचा वेळ असतो तोवर. तू बघतोस, तुला बरं वाटतं.” तिनं दम घेतला. “तू घरी पोचलास असं वाटलं, की मग आडवी होते.”

“किती दिवस चाललंय हे?”

“दिवस कोण मोजतंय? बरं, माझा चेहरा तरी पुसून दे. डॉक्टरला बोलावशीलच तू आता.”

भाऊनं डॉक्टरांना फोन केला. निघतोच, म्हणाले. मग त्यानं पंचा ओला करून तिचा चेहरा पुसला, केस सारखे केले, पांघरूण पायांवर ओढलं. कॅमेऱ्याची वायर तशीच लोंबत राहू दिली.

डॉक्टरांची वाट बघत तो खिडकीशी उभा राहिला. फोन हातातच होता. पडद्यावर तोच फोटो. दिवसभरात त्यानं तो कितीदा पाहिला होता, पण पाहिला होता तो चेहरा. आता त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि चेहऱ्याखाली, शालीच्या कडेशी पाहिलं. आईचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. बोटं लाकडात रुतल्यासारखी, पेरं पांढरीफटक.

“काय बघतोस रे?” मागून आईनं विचारलं.

बाहेर पाऊस चालूच होता.

“काही नाही,” भाऊ म्हणाला. “ऊन बघतोय.”