सेंगाच्या हातात पिस्तूल

न्येंडोच्या बाजारामागे नालोंगोचा व्हिडिओ हॉल होता. वर पत्रे, खाली लाकडी बाकं, समोर भिंतभर पडदा. रविवारी चर्च सुटलं की माणसं भाजलेली कणसं घेऊन तिथे शिरत आणि नालोंगोचा मुलगा किझा गेम खेळायला बसे. खेळणारा तो एकटाच. बाकीचे साठ-सत्तर जण बघत, आणि आपण जे बघतोय ते काय आहे, हे त्यांना लुबोवा सांगे.

लुबोवा हॉलचा व्हीजे. पडद्याशेजारच्या उंच स्टुलावर बसायचं, माईक ओठांना लावायचा आणि परक्या भाषेतला सिनेमा चालू असतानाच तो आपल्या भाषेत सांगत सुटायचं, हा त्याचा अठरा वर्षांचा उद्योग. पुढे सिनेमे मोबाईलवर गेले, हॉल ओस पडायला लागला. तेव्हा किझाने चोरांचा एक गेम आणला आणि लुबोवाने तो गेमही सिनेमासारखाच सांगायला घेतला. गेमचं खरं नाव लांबलचक होतं. न्येंडोत त्याला 'बंदरातले चोर' म्हणत.

त्यातला चोर इंग्रजी बोलायचा. तसं इंग्रजी शाळेत सगळेच शिकले होते, लुबोवासुद्धा. पण गेममधले गुंड तोंडात गरम मटोक्याचा, म्हणजे शिजवलेल्या केळ्यांचा, घास धरल्यासारखे बोलत, ते मास्तरांनाही कळलं नसतं. लुबोवाने ही अडचण कधी कुणाला सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय पहिल्या भागात बोलणं थोडं आणि गाडी पळवणं फार, त्यामुळे मोकळं रान भरपूर. त्या रानात लुबोवाने आपली शेती केली. चोराचं नाव ठेवलं कायिवा. त्याला मसाकाच्या वाटेवरचं एक गाव दिलं, ठरून मोडलेलं लग्न दिलं, आणि एक सेंगाही दिली.

सेंगाचं असं झालं. गेममध्ये एक म्हातारी होती. लाल टोपी घालून खुर्चीत बसायची. कायिवा आत आला की टोपी काढायचा, मान खाली घालून उभा राहायचा, ती बोलेल ते मुकाट्याने ऐकायचा आणि सांगेल ते करायला जायचा. आता चाळिशीचा बाप्या ज्या बाईपुढे असा गोगलगाय होतो, ती बापाच्या बहिणीशिवाय दुसरी कोण असणार? लुबोवाने डोळे झाकून सांगून टाकलं, "ही कायिवाची सेंगा!" बाकांवरच्या एकालाही शंका आली नाही. प्रत्येकाची सेंगा अशीच होती.

मग ती खुर्चीत दिसली की लुबोवा तिच्या आवाजात म्हणे, "बाळा, जेवलास का?" दुसऱ्या-तिसऱ्या रविवारपासून सगळा हॉल त्याच्याबरोबर म्हणायला लागला. पोरीबाळी बाजारात एकमेकींना तसंच विचारू लागल्या. लुबोवाला या गोष्टीचं फार सुख होतं.

आणि मग तीन वर्षांनी दुसरा भाग आला.

शनिवारी दुपारी लुबोवा हॉलच्या मागच्या अंगणात गेला तेव्हा नालोंगो केळी सोलत होती आणि किझा मोटरसायकल पुसत होता.

"काय रे किझा, पहिल्यापेक्षा बरा आहे का?"

"काका, काय सांगू! पावसात भिजलेले बूट वेगळे दिसतात. माणसाच्या नाकावरचा घाम दिसतो, घाम!"

"घाम बघायला कणीस घेऊन कोण येतं रे? तो शेजारच्या बाकावर फुकट मिळतो."

"तुम्ही जुनी माणसं अशीच. मागून येणारा सुधारून येतो, काका. माझ्याकडे बघा."

किझा जुळ्यांच्या पाठचा. थोरले दोघे कंपालात शिक्षक होते आणि हा मोटरसायकलवर माणसं ने-आण करत होता.

"सव्वीस वर्षं तुझ्याकडेच बघतेय," नालोंगो म्हणाली, "म्हणून तर माझा त्या दुसऱ्या भागावर विश्वास बसेना."

लुबोवा पोट धरून हसला. पण नालोंगोने सुरी खाली ठेवली आणि हात पुसले, तेव्हा त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"लुबोवा, राग मानू नकोस. काल मी तासभर बघितला. यात ते लोक स्वतःच बोलतात. थांबतच नाहीत. त्यावर तू बोलणार, म्हणजे नुसता कोंबडीबाजार. उद्या असं करू. पहिला तास माईक घेऊन, दुसरा तास माईकशिवाय. लोकांना काय हवं ते लोकच सांगतील."

"आणि नको म्हणाले तर?"

"तर स्टूल काढून तिथे एक बाक टाकू. तू बस की पुढे. तुला कोण उठवतंय?"

ती हे मायेनेच म्हणाली, हे लुबोवाला कळत होतं. त्यामुळेच जास्त लागलं. माईक गेला तर न्येंडोत लुबोवा म्हणून कोण उरतं, हे त्याला खरंच सांगता आलं नसतं.

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या बाकाच्या टोकाला, स्टुलाच्या अगदी जवळ, सगळ्यांचे आजोबा, जज्जा कासूले, बसले होते. जज्जांचे दोन्ही डोळे सहा वर्षांपूर्वी गेले. तरी ते दर रविवारी काठी टेकत गेम 'बघायला' येत, आणि कुणी थट्टा केली तर म्हणत, "तू बघतोस तेवढंच मी बघतो. मान मात्र मला वर करावी लागत नाही."

गेम सुरू झाला. पडद्यावर पाऊस पडला आणि सगळ्या हॉलने 'आहा' केलं. धक्क्यावरचं पाणी हलत होतं, दिव्यांची प्रतिबिंबं त्यात मोडत होती. लुबोवालाही मनातून आवडलं, खोटं कशाला बोला. त्याने माईक ओठांना लावला, "मंडळी, कायिवा परत आलाय..." आणि तेवढ्यात कायिवाच बोलायला लागला. तो थांबला तर त्याचा साथीदार बोलायला लागला. मग गाडीतला रेडिओ. लुबोवा फट शोधत होता आणि फट मिळत नव्हती. त्याने आवाज चढवला, तर इंग्रजीही कळेना आणि लुबोवाही ऐकू येईना. एकदा तर तो लग्नाचं सांगत असताना पडद्यावर प्रेत निघालं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, नवरदेव पेटीत आहे!"

लोक हसले. लुबोवाच्या बोलण्यावर ते अठरा वर्षं हसत होते, पण त्याला हसले ते पहिल्यांदाच. तास संपला. त्याने माईक बंद करून स्टुलावर ठेवला आणि जज्जांच्या शेजारी जाऊन बसला. कान तापले होते.

दुसरा तास माईकशिवाय सुरू झाला. हॉल शांत होता. माणसं चित्रं बघत होती, कणसाचे दाणे टिपत होती. कुणाला काही अडलेलं दिसत नव्हतं. लुबोवाला वाटलं, झालं, आटोपलं आपलं.

"काय चाललंय रे?" जज्जांनी हळूच विचारलं.

"काही नाही, जज्जा. तो पायऱ्या चढतोय."

"कसा चढतोय?"

"कसा म्हणजे... मार खाल्लेला माणूस चढतो तसा. एक हात भिंतीला. वरच्या मजल्यावर दिवा आहे. मला वाटतं कुणीतरी त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलंय."

जज्जांनी समाधानाने मान हलवली. लुबोवा कुजबुजत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की मागच्या बाकावरच्या दोन बायका पुढे वाकल्या आहेत, आणि पलीकडचा खाटीक कणीस खायचा थांबलाय.

कायिवा वर पोहोचला. दार उघडलं. खुर्चीत लाल टोपीवाली म्हातारी बसली होती. या भागात ती पहिल्यांदाच दिसली, तिच्या तोंडावरची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती. हॉलमध्ये आनंदाची लाट आली. कायिवाने टोपी काढली, मान खाली घातली.

म्हातारीने मांडीवरच्या शालीखालून पिस्तूल काढलं आणि त्याच्यावर रोखलं.

हॉलमध्ये एकच गलका झाला.

"हे काय? सेंगा?"

"किझा, थांबव! थांबव म्हणते ना!"

"काहीतरी चूक केलीस तू! कुठलं तरी भलतंच बटण दाबलंस!"

"मी कशाला दाबू? ती आपणहून करतेय!"

किझाने गेम थांबवला. पडद्यावर पिस्तूल तसंच रोखलेलं राहिलं. सगळी डोकी पडद्याकडून लुबोवाकडे वळली.

"लुबोवा, बोल की! भाच्यावर सेंगा बंदूक कशी रोखेल? जगात कुठे झालंय असं?"

लुबोवा उठला. काहीतरी जोडून सांगता आलं असतं. म्हातारी वेडी झाली, भुताने धरली, ही तिची सवत. त्याच्याकडे सबबींचा तोटा कधीच नव्हता. पण जन्मभर थापा मारून आज त्याला थकवा आला होता. शिवाय माईक जाणारच होता. जायचाच आहे तर निदान स्वच्छ जावा, असं त्याला वाटलं.

"मंडळी, ती त्याची सेंगा नाही. तिने कधी तसं म्हटलंच नव्हतं. ती कोण आहे हे मला ठाऊक नाही. पहिल्या भागात ते काय बोलतात, ते मला निम्मं कळायचं. निम्मं मी माझं घालायचो."

नालोंगो दारात येऊन उभी होती.

"निम्मं?" बाकावरून जज्जा कासूले म्हणाले. "सोळा आण्यांतले पंधरा आणे तुझे होते, लबाडा!"

जज्जा खो खो हसत होते. काठी टेकून ते उभे राहिले.

"मोंबासाहून सुटणाऱ्या जहाजावर मी चौदा वर्षं स्वयंपाकी होतो. खलाशांचं इंग्रजी मी कांदे चिरता चिरता शिकलो. ही म्हातारी त्या टोळीची मालकीण आहे. पहिल्या भागात पहिल्याच दिवशी ती त्याला म्हणाली, 'कुत्र्या, माल आण, नाहीतर समुद्रात फेकून देईन.' आणि या लुबोवाने काय सांगितलं? 'बाळा, जेवलास का?' मी तर बाकावरून पडणारच होतो!"

हॉल हसला; पण लुबोवा हसला नाही.

"तुम्हाला माहीत होतं, जज्जा? आणि तीन वर्षं गप्प बसलात?"

"मग काय करू? कुत्रा म्हणणारी माणसं मी चौदा वर्षं ऐकली, लेकरा. माझी बायको गेल्यापासून घरी मला कोणी जेवलास का विचारत नाही. ते ऐकायला मी रविवारी इथे येतो."

लुबोवाने तोंड पडद्याकडे वळवलं. लोकांपुढे रडणं व्हीजेला शोभत नाही.

दारातून नालोंगो ताडताड पुढे आली. तिने स्टुलावरचा माईक उचलून लुबोवाच्या छातीवर दाबला.

"किझा, त्या लोकांचं तोंड बंद कर."

"कसं म्हणजे?"

"आवाज, रे! आवाज शून्यावर आण. चित्र राहू दे. चित्र झकास आहे."

"पण आई, दुसऱ्या भागात आवाजच तर सुधारलाय..."

"म्हणून तर बंद कर. आणि लुबोवा, मालकीण का कोण ती, मला ऐकायचं नाही. माझ्या हॉलमध्ये ती सेंगा आहे. पिस्तूलवाली तर पिस्तूलवाली. माझ्या सेंगाच्या हाती पिस्तूल असतं तर माझ्या लग्नाआधी तीन माणसं गेली असती."

लुबोवा स्टुलावर चढला. घसा दोनदा खाकरला. आता त्याच्यापाशी लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्याला नवल वाटलं की त्यामुळे अंग एवढं हलकं झालंय.

"मंडळी," तो म्हणाला, "तीन वर्षं हा कायिवा घरी फिरकला नाही. निरोप नाही, फोन नाही. मोडलेल्या लग्नाची बोलणी सेंगाने एकटीने निस्तरली. आता हा वर तोंड करून आलाय. सेंगा विचारते, तुम्हीच सांगा, मी रागावू नको?"

"रागाव!" बायका ओरडल्या.

किझाने गेम पुन्हा चालू केला. आवाज नव्हता. म्हातारीचे ओठ हलले, कायिवाने मान आणखी खाली घातली, आणि पिस्तुलाच्या तोंडाशी जाळ झाला. कायिवा कळवळून भिंतीला टेकला. गोळी दंडाला लागली होती. चोर मेला तर गेमच संपेल, म्हणून बनवणाऱ्यांनी ती तिथे मारली असणार. पण लुबोवाने ते तसं सोडलं नाही.

"दंडाला! बघितलंत? तीन हातांवरून छाती चुकते का कुणाची? भाच्याची छाती सेंगाच्या नेमात येतच नाही, मंडळी. तिला फक्त त्याला घरात थांबवायचंय. आता हा हात बरा होईपर्यंत पोरगा कुठे जातोय?"

पडद्यावर म्हातारीने पिस्तूल खाली ठेवलं. ती खुर्चीतून उठली, जखमी माणसाजवळ गेली, वाकली आणि त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलली. ते फार वाईट काहीतरी असावं, कारण तिचे दात दिसत होते.

लुबोवाने माईक ओठांपासून दूर केला आणि जज्जांच्या बाकाकडे धरला. जज्जांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधीच सगळा हॉल, खाटीक, बायका, किझा, नालोंगो, एका सुरात जज्जांकडे बघून म्हणाला,

"बाळा, जेवलास का?"