भाताच्या खाचरातले मासे

भातात मासे सोडायचं खूळ माझ्या नवऱ्याचं. एसबेर्गेन मूळचा मुयनाकचा मासेमार. तिथला समुद्र आटत आटत पार निघून गेला, तेव्हा आम्ही इकडे केगेयलीला, माझ्या माहेरच्या गावी आलो आणि भात लावायला लागलो. इतकी वर्षं भात लावला, पण मनानं हा माणूस होडीतच. एके दिवशी म्हणाला, खाचराच्या कडेनं छातीइतका खोल चर खणू, त्यात गवत्या माशांची पिल्लं सोडू. पाणी भरलं की मासे भातात शिरतील, तण खातील, किडे खातील, त्यांच्या घाणीचं खत होईल. पाणी उतरलं की चरात येऊन बसतील. मी म्हटलं, "मग मेंढ्या पण झाडावर चढवा की." तो नुसता हसला. माझ्या बोलण्याचं त्याला कधी काही वाटलंच नाही.

खरं म्हणजे हे सगळं माशांसाठी नव्हतंच, पेर्देबायसाठी होतं. आमचा एकुलता एक. गावातली निम्मी पोरं अक्ताऊ शहरात इमारतींवर विटा वाहायला गेलेली, आणि हाही जायला निघालेला. बापानं त्याच्याकडे एकच हंगाम मागितला. भातकापणीपर्यंत मासे जगले, वाढले, तर तू राहायचं. नाही जगले तर खुशाल जा, मी अडवणार नाही. पोरगं कबूल झालं, पण तोंड वाकडं करूनच.

मग काय झालं कुणास ठाऊक. एप्रिलमध्ये कुरकुरत चर खणणारा मुलगा जूनमध्ये पहाटे उठून आपणच बांधावर जायला लागला. मासे वीतभर झाले. ज्या खाचरात दरवर्षी मी कंबर मोडेस्तोवर निंदायची, तिथे उपटायला तण उरलं नाही. जेवताना बापलेक माशांचंच बोलायचे, पुढच्या वर्षी दुसरं खाचर घेऊ म्हणायचे. मी वरवर करवादायची, पण मला फार बरं वाटायचं.

जुलैत, एका मंगळवारी, एसबेर्गेन जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

आमच्यात मरण झालं की मुलानं कमरेला पटका बांधून, काठीवर रेलून दाराबाहेर उभं राहायचं आणि येईल त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायचं. तीन दिवस. बायकोनं आत भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि मेलेल्याचे गुण गात रडायचं. त्या तीन दिवसांत घरातल्या कुणी शेताचं, पाण्याचं नाव काढलं तर लोक जन्मभर नावं ठेवतात.

आमची पाण्याची पाळी सहा दिवसांनी यायची, आणि ती होती बुधवारी. चरात पाणी गुडघ्याच्या खाली गेलेलं. अंगाची काहिली होईल असं ऊन.

बुधवारी सकाळी पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा पाटकरी ओरिनबाय आला. पेर्देबाय त्याच्या गळ्यात पडून रडला, तोही रडला. आत येऊन त्यानं दुवा मागितला, चहा घेतला आणि गेला. बांधावर आमचं पाण्याचं दार उघडायला कुणी नव्हतं, म्हणून आमचं पाणी त्यानं पुढच्या शेताला सोडलं. गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी तीन दिवस भरले, तसा पेर्देबायनं पटका सोडला आणि तसाच धावत सुटला. मी त्याच्या मागून गेले.

चरात चिखल होता, आणि चिखलावर मासे उलटे पडलेले, पोटं वर करून. वासानं उभं राहवेना. पेर्देबाय आत उतरला आणि एकेक मासा हातात घेऊन बघत राहिला. एकही जिवंत नव्हता.

ओरिनबाय आला तेव्हा मी त्याला नको नको ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, मी सांगायलाच आलो होतो," तो म्हणाला. "पण पोरगं असं रडत होतं, की बापाच्या मरणाच्या दारात पाण्याचं कसं काढू? वाटलं, तुम्हीच कुणाला तरी पाठवाल."

त्याच्या जागी मी असते तर मीही गप्पच बसले असते.

भात मात्र तगला. पुढच्या पाळीला पाणी मिळालं आणि तो असा फोफावला की लोक बघायला यायचे. पेर्देबायनं चाळिसाव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत वाट पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कपडे भरायला घेतले. मी त्याला म्हटलं, बाळा, मासे मेले त्यात तुझा काय दोष, पिल्लं परत आणू, तुझा बापही हेच म्हणाला असता. तो कपड्यांच्या घड्या घालत राहिला.

"मासे मेले म्हणून नाही जात, आई," तो शेवटी म्हणाला. "दारात उभा राहून बापासाठी रडत होतो ना, तेव्हा माझ्या डोक्यात सारखं पाणीच होतं. आज बुधवार, आज आपली पाळी, चर आटत असेल. बाप मेलाय आणि मला मासे आठवतायत. असला मुलगा मी. त्या बांधावर आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी त्याच्या पिशवीत नान ठेवली. बस येईपर्यंत रस्त्यावर उभी राहिले. आत भिंतीकडे तोंड करून, त्याच्या बापाचे गुण गाताना, मीही बुधवारचं पाणीच मोजत होते, हे मी त्याला सांगायला हवं होतं. तेवढं ऐकून तो थांबला असता. पण सांगायची मला लाज वाटली.