कारकुनाच्या आईचा कागद

“काकू, या पिल्लाच्या आईच्या हृदयाची तपासणी केलीय का?”

विचारून झालं आणि तोफेनं दात गच्च आवळले. आता हसू फुटलं असतं तर पैज हरली असती.

पैज मैत्रिणींनी लावली होती. जातिवंत पिल्लू घेण्याआधी पाळणाऱ्या माणसाला काय काय विचारावं, याची यादी त्यांनी शाळा सुटल्यावर मोबाईलवर वाचली होती, आणि हा प्रश्न आल्यावर चौघी बाकावरून खाली पडायच्याच बाकी होत्या. मांजराचं हृदय! म्हणजे मांजरीला झोपवून छातीला नळी लावायची? “सरळ चेहऱ्यानं विचारून दाखव, तर तू खरी तोफ,” असं ठरलं.

तोफ हे नाव नवंकोरं होतं. गेल्या वर्षापर्यंत सगळे तिला पुटपुटी म्हणायचे. बुटांचा नंबर चुकला तरी बदलायला ती आईला पाठवायची आणि स्वतः दुकानाबाहेर मोजे वर ओढत उभी राहायची. मग वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी आजारी पडली, बाईंनी हिला स्टेजवर ढकललं, आणि आवाज जो सुटला तो सुटलाच. तेव्हापासून ग्रंथपाल म्हणू नका, दातांचे डॉक्टर म्हणू नका, तिच्या प्रश्नांतून कुणाचीच सुटका नव्हती.

तर त्या दिवशी प्रश्न ऐकून मांजरवाल्या काकू हसल्या नाहीत. उलट त्यांनी हातातला कप खाली ठेवला, आणि तोफेच्या आईबाबांकडे वळून म्हणाल्या, “बारा वर्षं मांजरं पाळतेय मी. हा प्रश्न आजवर एकानंही विचारला नाही हो! काय हुशार लेक आहे तुमची!”

झालं. तोफ जी हवेत गेली, ती खाली यायचं नावच घेईना.

बाबा चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायचे. आई पोस्टाच्या खिडकीवर बसायची आणि एक सही राहिली तरी माणसाला रांगेत परत पाठवायची. पण लेकीचं कौतुक ऐकताना दोघांच्याही चेहऱ्यावर असं काही पसरलं, की दिवसभर अक्षरं नि कागद तपासणारी ही माणसं कागद पाहायचंच विसरली. काकूंनी कपाटातून फाईल काढली, एक पान उघडून समोर धरलं. “हा बघ रिपोर्ट. सगळं ठणठणीत.” तोफेनं मैत्रिणींना पुरावा हवा म्हणून त्याचा फोटो काढला, खाली ‘जिंकले’ असं लिहिलं आणि पाठवून दिला. वाचलं नाही. वाचायचं कशाला? विचारलं होतं ना!

“आणि पिल्लाची आई?” तिनं यादीतला पुढचा प्रश्न टाकला.

“ती वर झोपलीय गं. नुकताच डोळा लागलाय बिचारीचा.”

“बरं, राहू दे मग,” तोफ मोठ्या मनानं म्हणाली.

पिल्लू करड्या रंगाचं, गळ्याशी पांढरी कॉलर असलेलं, कानांतून केसांचे झुपके निघालेलं. घरी आल्या आल्या ते तिच्या भूगोलाच्या वहीवर जाऊन बसलं आणि एकेका ओळीकडे संशयानं पाहू लागलं. आई म्हणाली, “आमच्या ऑफिसात अस्साच एक आहे. काम करायचं नाही, कागदावर बसून राहायचं.” तिथून त्याचं नाव कारकून पडलं.

पाच महिने कारकुनानं घर चालवलं. बाबा दाढी करताना तो बेसिनच्या काठावर बसून पाहायचा, जणू गाल नीट झालाय की नाही हे त्यालाच पास करायचं होतं. आईच्या शिलाईच्या डब्यात झोपायचा. तोफेनं दप्तर उचललं की पट्ट्याला लोंबकळायचा. “सुट्टीचा अर्ज दिलाय का विचारतोय,” बाबा म्हणायचे. तो इतर मांजरांसारखा धावायचा मात्र नाही. दोन उड्या मारल्या की तोंड उघडून बसायचा. “साहेबी स्वभाव,” सगळे म्हणायचे आणि हसायचे.

मग एका रविवारी सकाळी तो खुर्चीवरून उतरला आणि किंचाळला. असा आवाज त्या घरात कधी कुणाच्याच तोंडून निघाला नव्हता. तोफ टूथब्रश तोंडात तसाच धरून धावत आली. कारकून पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तिच्याकडे येत होता, मागचे पाय ओल्या फडक्यासारखे फरफटत होते. तिनं उचललं तेव्हा मागचे पंजे बर्फासारखे गार लागले.

प्राण्यांच्या डॉक्टर बाईंनी त्याला आधी इंजेक्शन दिलं, मग बराच वेळ छाती तपासली, मशीनवर पाहिलं. मग स्टूल ओढून तोफेच्या समोरच बसल्या.

“याच्या हृदयाची भिंत जाड झालीय. आत रक्ताची गाठ झाली आणि ती जाऊन पायांच्या रक्तवाहिनीत अडकली. या जातीत हा आजार आईवडिलांकडून येतो. म्हणूनच चांगले पाळणारे आधी आईबापाची तपासणी करतात आणि दोष निघाला तर त्यांची पिल्लं होऊच देत नाहीत. याच्या आईची झाली होती?”

“हो,” तोफ पटकन म्हणाली. “मी विचारलं होतं. रिपोर्टचा फोटोसुद्धा आहे.”

तिनं मोबाईल काढला. बाबांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. पेशंटला शेवटची ओळ वाचायला लावतात तसे ते स्वतःच एकेक अक्षर वाचत गेले.

“रंग पांढरा. वय नऊ वर्षं. लिंग...” ते थांबले. “नर.”

आईनं मोबाईल घेतला, तारीख पाहिली. सहा वर्षांपूर्वीची. “खिडकीवर कुणी असा कागद दिला असता तर मी हाकलून दिलं असतं त्याला,” ती हळूच म्हणाली आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

तोफेनं काकूंना फोन लावून सगळं सांगितलं. स्पीकरवर काकूंचा तोच गोड आवाज.

“अगं, जीव आहे तो, घड्याळ थोडंच आहे गॅरंटी द्यायला! वाईट वाटून घेऊ नकोस. परवाच त्याच्या आईला पाच पिल्लं झालीत, ये आणि हवं ते उचल.”

“त्याच आईला?”

“हो गं, तीच. तुझी लाडकी.”

आपण जिला कधी पाहिलंच नाही, ती वरच्या खोलीतली मांजर तोफेच्या डोळ्यांसमोर आली. पाच तोंडं तिच्या पोटाला लागलेली, आणि पाचांच्या छातीत काय चाललंय कुणाला ठाऊक! तिनं फोन बंद केला. आवाज पुन्हा पुटपुटीचा झाला होता.

“डॉक्टर, त्याला दुखतंय का?”

“इंजेक्शनमुळे आत्ता कमी आहे. पण हो, खूप दुखतं यात.”

या वेळी उत्तर पूर्ण संपेपर्यंत ती गप्प राहिली. मग पुढचा प्रश्न. “पाय बरे होतील?”

“क्वचित कुणाचे होतात. याचे होतील असं मला वाटत नाही. आणि झाले तरी हृदय तसंच राहणार, पुन्हा गाठ होणार. मी त्याला शांतपणे झोपवू शकते. कायमचं. तुम्ही विचार करा, मी बाहेर थांबते.”

दार लोटलं गेलं. कारकून टेबलावर तिच्या स्वेटरवर पडला होता. डोळे उघडे. तिनं बोट पुढे केलं तर त्यानं हनुवटी बोटावर टेकली.

“आपण घरी नेऊ,” आई म्हणाली. “औषधं देऊ. मी रजा टाकते.”

“शहरापलीकडे मोठा दवाखाना आहे,” बाबा म्हणाले. “तिथं दाखवू. उद्या सकाळीच निघू.” मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तू बाहेर बस, बाळा. हे आम्ही बघतो. तू नको यात पडूस.”

“तिथं तरी काय सांगतील, बाबा?”

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. तो अजिबात मळलेला नव्हता.

“त्याला पळताना दम लागायचा,” ती म्हणाली. “आपण हसायचो. साहेब म्हणायचो.”

“आपल्याला कुठे माहीत होतं गं,” आई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

कारकुनाचं अंग थरथरलं. इंजेक्शन उतरायला लागलं असावं. तो पुन्हा तसाच किंचाळणार, हे तोफेला कळलं. तिनं त्याला स्वेटरसकट उचललं, छातीशी धरलं आणि आईबाबांकडे तोंड केलं. नाक गळत होतं, पुसायला हात रिकामा नव्हता.

“आई, बाबा, ऐका. घरी नाही न्यायचं, मोठ्या दवाखान्यातही नाही. उद्यापर्यंत त्याला दुखत ठेवायचं नाही. डॉक्टरांना आत बोलवा. आजच. आणि मी बाहेर बसणार नाही, मीच धरून ठेवणार त्याला, शेवटपर्यंत.”