चौथ्या प्रथिनाशिवाय

मुंगीने धाकट्याच्या पेशी उजेड मोजणाऱ्या यंत्रात ठेवल्या, तेव्हा पडद्यावर शून्याजवळचा आकडा यायला हवा होता. आला तो भलताच मोठा.

तिची चण लहान, शिवाय ती एका जागी टिकत नसे; म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला मुंगीच म्हणत. थोरला आणि धाकटा हे रक्तस्रावी तापाचे दोन विषाणू, एकाच घराण्यातले चुलतभाऊ. खरे विषाणू या इमारतीत नव्हतेच, हे आईला सांगून सांगून तिची जीभ झिजली होती.

"अगं, विषाणूचं मधलं सगळं काढून टाकतो आम्ही. फक्त दोन टोकं ठेवतो आणि मध्ये काजव्याच्या उजेडाचं जनुक बसवतो. विषाणूची यंत्रणा चालली की पेशी उजळते. बास!"

"बरं. जेवलीस का?"

ही यंत्रणा चार प्रथिनांची. या विषाणूंचा मजकूर उलटा असतो, पेशीला तो वाचता येत नाही. पहिलं प्रथिन तो गुंडाळून सांभाळतं, दुसरं तिसऱ्याच्या मदतीला राहतं. तिसरं त्याच्या नकला काढतं आणि पेशीला कळतील असे सुलटे निरोपही तयार करतं. थोरल्याचे निरोप मात्र चौथ्याने चालना दिल्याशिवाय निघतच नाहीत. धाकट्याचंही तसंच असणार असं धरून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चौथ्याला अडवणारं औषध शोधत होत्या, दोन्ही भावांवर एकच. अनुदानासाठी संशोधनाचा आराखडा याच आठवड्यात पाठवायचा होता.

आणि मुंगीने धाकट्याला चौथं दिलंच नव्हतं.

"गडबड केलीस," सगळ्यांत जुना संशोधक दादा म्हणाला. "चौथं सांडलं असणार कुठेतरी."

"मी नाही सांडलं. धाकट्याला ते लागतच नाही."

"ऐका! काल आली आणि विषाणूचं घर चालवायला लागली."

मॅडमनी दोघांना थांबवलं. "मुंगी, तुझं खरं निघालं तर अर्धा आराखडा कापावा लागेल. खोटं निघालं, तर धाकट्याचं काम दादाकडे."

"चालेल. दादानेच करून बघावं."

इथली रीतच तशी होती. ज्याला शंका, त्याने प्रयोग करायचा. ज्याचा निकाल, त्याने हात मागे बांधून बघायचं.

दादाने झरझर नळ्या मांडल्या. धाकट्याची पाळी आली तशी त्याने सवयीने स्वतःची तयार मिश्रणाची बाटली उचलली. वेळ वाचावा म्हणून तो चारही प्रथिनांची जनुकं त्यात आधीच एकत्र करून ठेवायचा. ते घातलं की पेशी उजळणारच, आणि मुंगीचं काम तिच्याकडेच राहणार.

"दादा, त्यात चौथं आहे."

दादाचा हात जागीच थांबला. त्याने बाटलीवर नजर टाकली, मग तिच्याकडे पाहिलं. "अगं वेडे, गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस."

"जिंकणारच आहे की. नीट भरा."

त्याने पहिल्यापासून सगळं भरलं. दोन दिवसांनी तिघं यंत्रासमोर उभे राहिले. चौथ्याशिवाय थोरला मिट्ट काळोखात. धाकट्याचा आकडा मात्र भराभर चढत गेला. दादाने चष्मा पुसून मोजणी पुन्हा लावली. तेच.

"हं. पोरीचं बरोबर आहे," तो म्हणाला.

मॅडम खुर्चीत टेकल्या. "मग धाकट्याला धरायचं कुठे?"

"तिसऱ्यापाशी," मुंगी म्हणाली. "नकला काढणाऱ्याशिवाय दोघांचंही पान हलत नाही."

मॅडमनी आराखडा उघडून धाकट्याचा भाग पुसून टाकला. "हा तू लिही."

मुंगीने कळफलक आधीच स्वतःकडे ओढला होता.