कोरी प्रत

पुस्तकांच्या दुकानात बाईंनी तिसरं पुस्तकही मागच्या बाजूनं उघडलं. उत्तरं कुठेच नव्हती.

"यात उत्तरं नसतात, बाई," स्टुलावर बसलेली मुलगी म्हणाली. "शोधू नका उगाच."

शाळेत ती बाईंच्या, म्हणजे आईच्याच वर्गात होती. तिथे 'बाई' आणि 'तुम्ही' म्हणायचं, हा नियम आईनंच घातलेला. आता ती तिशीला आली, तरी मन विटलं की तिच्या तोंडी तेच यायचं. गेले कित्येक महिने घरात 'आई' ऐकू आलं नव्हतं.

"भावनेची लाट आली की स्वतःला इजा न करता तग कसा धरायचा, हे शिकता येतं. डीबीटी म्हणतात त्याला," दवाखान्यातल्या समुपदेशक म्हणाल्या होत्या. "पण सराव घरीच करायचा. तिला झेपेल असं सरावाचं पुस्तक आणा."

मुलगी तयार झाली ती एका अटीवर. तिनं लिहिलेलं कुणी तपासायचं नाही.

पहिलं पुस्तक उशाला घेण्याइतकं जाड निघालं. दुसऱ्यात पानोपानी हसरे चेहरे. "हे बघूनच लाट येईल," असं म्हणून मुलीनं ते सरकवून दिलं होतं. तिसरं बरं होतं. सोपी वाक्यं, मोठी अक्षरं. 'आत्ता काय वाटतंय?' आणि खाली तीन ओळी.

"एवढ्याशा जागेत तुझं काय मावणार?" बाई पुटपुटल्या.

मुलीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. मग तिची नजर पानावर गेली. छापलेल्या 'भिती'भोवती लाल गोल होता आणि वर बारीक अक्षरात 'भीती'. पर्समधून पेन कधी निघालं, ते बाईंनाही कळलं नव्हतं.

"बघा." मुलगी उठली. बाही मनगटावर ओढून घेतली. "अजून विकतही घेतलं नाही. राहू दे, मला नको."

'पण चूकच होती ना,' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं. ते गिळून त्या पुस्तक घेऊन काउंटरपाशी गेल्या.

"याची कोरी प्रत आहे?"

"आहे की. ही ठेवा इथे."

"नको. ही माझ्या हातून खराब झालीय, ही मला. कोरी हिला."

मुलगी दारापर्यंत गेली होती. तिथून परत आली, बाईंच्या पाठीशी थांबली.

"तुम्ही काय करणार तिचं?"

"भरीन. जमेल तसं."

दुकानदार वाकून पिशवी शोधत होता.

"आणि तुझं कोण तपासणार?" मुलीनं पाठीमागून विचारलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. लाल पेनाचं टोपण नीट बसवलं आणि पेनासकट हात तसाच मागे तिच्याकडे केला.