दादाचा घरचा आवाज

माझा थोरला भाऊ बसस्थानकावर निवेदक होता. एकतीस वर्षं त्याने गाड्या सुटल्याच्या, लांबल्याच्या आणि रद्द झाल्याच्या घोषणा केल्या. लोक त्याला भोंगा म्हणायचे आणि त्यालाही ते आवडायचं. घरात मात्र भोंगा बंद. घरी तो शब्दांची शेपटं गिळायचा, अर्धं वाक्य नाकातून तर अर्धं हसण्यातून काढायचा. ते नेमकं काय होतं, हे वहिनीलाच कळायचं.

त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. रुग्णालयात अशा रुग्णांना पुन्हा बोलतं करणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडून हजार वाक्यं रेकॉर्ड करून घ्या. एक सॉफ्टवेअर आहे, ते त्यांतले तुकडे जोडून नवी वाक्यं तयार करतं. पुढे ते टाइप करतील आणि मशीन त्यांच्याच आवाजात बोलेल. फक्त पहिली शंभर वाक्यं झाली की सॉफ्टवेअर घालून ऐकून बघा, मगच पुढची करा."

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. माझं स्वतःचं दुकान आहे. मी म्हणालो, "बाई, दोन मिनिटांचं काम आहे."

दादाने रेकॉर्डिंगसाठी स्वतःचा जुना लॅपटॉप काढला. जाडजूड, तापला की घरघरणारा, एक बिजागरी मोडलेली. त्याचं वायफाय कधीच गेलेलं. मी म्हटलं, मोबाइलवरून नेट जोडतो, पाच मिनिटांत सगळं उतरेल. दादाने माझा हात धरला. घोषणेच्या मशीनला बाहेरचं नेट जोडायचं नाही, हा त्यांच्या कचेरीचा नियम होता.

"दादा, ही काय घोषणा आहे का?"

"आवाज माझाच ना? मग पेनड्राइव्हवरून आण."

तो रोज सकाळी आतल्या खोलीत बसायचा. वहिनी खिडक्या लावायची, पंखा बंद करायची, शेजारच्या पोरांना दटावायची आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून पहारा द्यायची. आतून त्याचा आवाज यायचा, खणखणीत, एकेक अक्षर जागच्या जागी. मध्येच एखादं वाक्य घसरायचं, सैल व्हायचं. तसं झालं की तो "छे!" म्हणायचा, ते पुसायचा आणि पुन्हा नीट बोलायचा. पहिल्या दोन-चार दिवसांत मीही बाहेर बसून म्हणायचो, काय गळा आहे या माणसाचा! वहिनीची मानही ताठ व्हायची. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

आणि मी काय करत होतो? चालढकल. शंभर वाक्यं झाली, तीनशे झाली, सातशे झाली. दुकानात गर्दी होती, हे खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या घरी जायचं जिवावर यायचं. ज्या आवाजाने मला लहानपणी सायकलवर ढकललं, तो संपत आलेला ऐकवत नव्हता. म्हणून मी फोनवर "उद्या येतो" म्हणायचो.

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी मी पेनड्राइव्ह घेऊन पोचलो, तर सॉफ्टवेअरची नव्या कॉम्प्युटरवर चालणारी आवृत्ती आणलेली. लॅपटॉपने तिला उभंही केलं नाही. दुसऱ्या दिवशी जुनी आवृत्ती शोधून आणली. ती अर्ध्यावर अडली आणि इंटरनेटवरून आणखी एक फाइल मागू लागली. दुकानात गेलो, ती आणली. तिला दुसरीच एक फाइल हवी होती. दुकान ते घर चाळीस मिनिटं. त्या लॅपटॉपने माझ्या नाकी नऊ आणले, आणि मी जन्मभर लोकांना सांगत आलो होतो की यात काही कठीण नसतं.

शेवटी दादाच म्हणाला, "राहू दे रे. वाक्यं हजार झालीत. मशीन काय, नंतर बोलेल." त्याचं हे बोलणं मी ऐकलं ते शेवटचं.

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी सॉफ्टवेअर एकदाचं बसलं. दादाच्या गळ्याला पट्टी होती. वहिनी स्वयंपाकघरात होती. दादाने दोन बोटांनी टाइप केलं आणि बटण दाबलं.

"अगं, इकडे ये."

आवाज त्याचाच होता. पण फलाट क्रमांक चारवरच्या प्रवाशांना बोलवावं तसा. वहिनी हात पुसत दारात आली. तिने लॅपटॉपकडे बघितलं, मग दादाकडे.

"कोण आलंय?" तिने विचारलं.

दादाने टाइप केलं. मशीन म्हणालं, "मीच."

वहिनी आत गेली. मी घाईघाईने मशीनचा वेग कमी केला, आवाजाची पट्टी खाली आणली. आता तो झिंगलेला निवेदक वाटू लागला. दादाला हसू आलं. त्याचे खांदे हलले, आवाज आला नाही. मग खांदेही थांबले.

मला राहवलं नाही. "दादा, बाईंनी शंभर वाक्यांनंतर ऐकायला सांगितलं होतं. मी वेळेवर आलो असतो तर तेव्हाच कळलं असतं. तू पुन्हा बोलला असतास, घरच्यासारखं. माझ्यामुळे झालं हे."

लॅपटॉप बाजूला सारून दादाने उशाशी ठेवलेली वही ओढली आणि लिहिलं, "घरचा आवाज मीच पुसला. दर वेळी."

वहिनी परत आली होती. माझ्या खांद्यावरून तिने ते वाचलं. तिचे डोळे लाल होते. तिने लॅपटॉपचं झाकण खाली केलं आणि दादाजवळ पलंगावर बसली.

"तुम्ही वहीतच लिहा," ती म्हणाली. "तुमचं अक्षर वाचलं की मला तुमचा आवाज येतो. ते शेपूट गिळणं, ते हसणं, सगळं येतं."

दादाने पेन उचललं. मग तीन शब्द लिहून त्याने वही तिच्या मांडीवर ठेवली.

"किती दिवस येईल?"

वहिनीने ते वाचलं. मग डोळे मिटून, मान किंचित कलती करून ती कान देऊन बसली.