खालचा खण

"विरघळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, मेधा. आणि हे बघ, फ्रीजरचा वरचा खण तुझ्या देवाचा, खालचा माझा. मांसाचं पाणी गळतं. तुझ्या नैवेद्यावर नको."

लग्न करून परदेशात, वुडलँड्सच्या या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा आमच्या ह्यांनी सांगितलेलं. लहानपणी ते वडिलांबरोबर आंबोलीच्या रानात शिकारीला हिंडलेले. इथं रान कुठलं? म्हणून जुरोंग ईस्टच्या एका दुकानातून रानातल्या हरणाचं मांस आणायचे. फडक्यानं टिपून कोरडं करायचं, चपट्या पुड्या बांधायच्या, हवा दाबून काढायची, वर तारीख घालायची. मी शेजारी पोथी वाचत असायची. एका घरात दोन देव्हारे असल्यासारखं वाटायचं.

आज एकादशी. दिवा लावला, फराळाचं फडताळ उघडलं, तर वरईच्या डब्याला टेकून हरणाची पुडी. मऊ, कोमट. लालसर पाणी साबुदाण्यापर्यंत गेलेलं.

चैत्राली मागे येऊन थबकली. "आई! रात्रभर बाहेर होतं हे? दिलीपकाकांना फोन कर, जेवायला येऊ नका म्हणावं. आणि बाबांना किचनमध्ये सोडू नकोस आता. डेंजरस लाह!" इथल्या पोरांसारखं ती म्हणाली.

"हळू बोल. जागे आहेत ते."

"मग सांग ना त्यांना!"

हे खिडकीशी बसले होते. कॉजवेच्या पुलापलीकडचं जोहोर शहर धूसर, पाण्यावर तरंगल्यासारखं.

"धुकं उतरलंय," ते म्हणाले. "बाबा ओढ्यापलीकडे गेलेत. मला इथंच थांब म्हणालेत." मग एकदम माझ्याकडे वळले. "दिल्या येतोय ना आज? शिकार काढून ठेवलीय मी. बरोबर ठेवलीय ना गं?"

"संध्याकाळी रस्सा होईल," मी म्हणाले.

डॉक्टरांनी त्या विसरण्याला नाव दिलं, त्या दिवशी घरी येताना लिफ्टमध्ये ह्यांनी माझा हात धरला होता. "चुकायला लागलो तर चारचौघांत सांगू नकोस. हळूच जागेवर ठेव." मी मान हलवली होती. देवापुढचा शब्द तेवढा खरा आणि लिफ्टमधला खोटा, असं कसं म्हणू?

पुडी दुहेरी पिशवीत बांधून टाकून दिली. फडताळ कढत पाण्यानं धुतलं. खालचा खण ओढून पाहिला. रिकामा. पांढरी वाफ तेवढी पावलांवर उतरली.

ह्यांची जाड पिशवी घेतली, त्यात बर्फाच्या थैल्या टाकल्या.

"आई, तू? मटणाच्या दुकानात? आज?"

"थोडं जास्तच आणते. खण रिकामा दिसला तर शोधत बसतील."

"बांधणार कोण ते?"

"पाहिलंय की इतकी वर्षं."

चैत्रालीनं चपला माझ्यापुढे सरकवल्या.

लिफ्ट आली. गळ्यातली तुळशीची माळ आत सारायला हात गेला. मग तशीच राहू दिली, आणि तळमजल्याचं बटण दाबलं.